कोंबड्यांच्या पाण्याचा टोप : वर्कशॉपमधल्या नोंदी

3 नोव्हेंबर 2024, रविवार (भाऊबीज)

ताईकडं गेलो होतो, कोरेगाव तालुक्यात. ओवाळून झालं, करंज्या झाल्या, दाजींबरोबर परड्यात उभा होतो गप्पा मारत आणि नजर गेली कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यावर. पसरट, कडा बाहेर वळलेली, तळ गोल, आणि गोल तळ म्हणून तीन दगडांच्या बेचक्यात बसवलेलं. मी खाली बसलो. ताईच्या सासूबाई (मी मावशी म्हणतो) स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, "आरं त्येत कोंबड्या पाणी पित्यात, काय बघतोयस त्येच्यात?"

मावशी, हे भांडं नाहीये, पलटणीतला टोप आहे, शिपायाचं हेल्मेट.

"म्हायतीय की. सासऱ्यांचा हाय. इटलीस्नं आणलावता."

म्हणजे सगळ्यांना माहितीय, फक्त कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी गेली नऊ-दहा वर्षं पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार पालथा घालतोय असल्या टोप्यांसाठी, आणि ही इथं ताईच्या सासरी, जिथं मी वर्षातनं चार वेळा जेवून येतो.

किल्लीच्या जुडग्याला छोटं मॅग्नेट असतं माझ्या, ते लावून बघितलं. चिकटलं नाही. आतून, बाहेरून, कुठंच नाही. तेव्हाच छातीत धडधडायला लागलं. आमच्या वर्कशॉपला खडी क्रशरची कामं येतात आणि क्रशरची जॉ प्लेट (दगड चिरडणारा जबडा) ज्याने हाताळलीय त्याला हे लगेच कळतं: दिसायला लोखंड, वजनाला लोखंड, पण चुंबक धरत नाही म्हणजे मँगनीज. हॅडफिल्ड नावाच्या इंग्रजाने 1882 मध्ये हे स्टील काढलं, मँगनीज साधारण 12 टक्के. मार बसला की मऊ पडायच्या ऐवजी आणखी कडक होतं. म्हणून क्रशरला, रेल्वेच्या सांध्याला, आणि पहिल्या महायुद्धापासून इंग्रजांच्या टोपीला.

मावशींना विचारलं नेऊ का, साफ करून परत आणतो. म्हणाल्या ने, पण दुपारच्याला कोंबड्यांना काय ठेवू ते सांगून जा. जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं आणि निघालो. टोपी पिशवीत, पिशवीचा वास मात्र घरापर्यंत.

4 नोव्हेंबर

काही करण्याआधी फोटो. सगळ्या बाजूंनी, उन्हात आणि सावलीत. मागं एकदा ही शिस्त पाळली नव्हती, त्याचं खाली लिहितो.

मापं: लांबी 31 सेंमी, रुंदी 29, वजन वाण्याच्या काट्यावर 870 ग्रॅम, अर्थात त्यात विष्ठा आणि क्षाराचा थर धरून. आतलं अस्तर काहीच नाही. पट्टा नाही. पट्ट्याच्या दोन कड्यांपैकी एक शिल्लक, दुसरीकडं नुसता रिव्हेट. आतल्या बाजूला खाली चुन्यासारखा पांढरा थर, काही ठिकाणी तीन-चार एमएम जाड. बोअरचं पाणी, आपल्याकडं गिझरची कॉइल जशी होते तसंच. त्या थराच्या वर एक रेघ, पाण्याची पातळी जिथपर्यंत असायची तिथं, आणि रेघेच्या वर कडेपर्यंत सगळा लाल गंज. बाहेरून टोकाला दगडावर घासून घासून रुपयाएवढा भाग चकचकीत, मधोमध डांबराचा गोळा.

डांबर कशाला ते लगेच कळलं. या टोपीला माथ्यावर भोक असतं, अस्तर तिथं एका स्क्रूने धरलेलं असतं. अस्तर गेलं की भोक उघडं. भोक बुजवल्याशिवाय पाणी राहणार कसं?

5 नोव्हेंबर

आज हात लावला नाही. क्रशरवाल्याचा शाफ्ट अर्जंट होता. रात्री फक्त बसून बघत राहिलो.

फॅब्रिकेशनवाल्याच्या नजरेने सांगतो, ही वस्तू म्हणजे कमाल आहे. 1914 ला युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज शिपायाच्या डोक्यावर कापडी टोपी होती, वरून श्रॅपनेल (छर्रे भरलेले तोफगोळे) फुटतंय आणि खाली कापड. फ्रेंचांनी 1915 ला ॲड्रियन टोपी काढली, दिसायला सुंदर, माथ्यावर तुरा, पण तीन-चार भाग वेगळे करून जोडायचे, पत्रा पातळ आणि साधा. त्याच वर्षी लंडनच्या ब्रॉडीने पेटंट घेतलं ते असं, की एक पत्रा, एक प्रेस, संपलं. पत्रा खोल ओढायचा नाही म्हणून पत्रा फाटत नाही, आणि मँगनीज असल्यामुळं वेगळं हार्डनिंग नको. रुंद कड कशाला, तर मारा वरून येतो म्हणून, खांद्यावर छत्री धरल्यासारखी. 1916 च्या उन्हाळ्यापर्यंत पहिल्या दहा लाख तयार झाल्या. जर्मनांची स्टालहेल्म मान आणि कान जास्त झाकते हे मान्य, पण ती तापवून, ओढून, परत कडक करून बनवायची. मला प्रॉडक्शनला दिलं तर मी ब्रॉडीच घेईन, डोक्यावर घालायला दिलं तर जर्मन.

आपली ही पहिल्या महायुद्धातली नाही असं मला वाटतंय. पट्ट्याच्या कडीचा घाट नंतरचा आहे, मार्क टूचा (ब्रॉडीच्याच टोपीचा पुढचा नमुना), म्हणजे 1938 नंतरची. नक्की शिक्का मिळाल्यावर.

9 नोव्हेंबर, शनिवार

सुरुवात. कोरडा ब्रश, रंगकामाचा जुना मऊ. नाकाला रुमाल, आणि मास्क त्याच्यावर, कारण कोंबडीची वाळलेली घाण छातीत जाणं चांगलं नाही. दीड तास.

वायर ब्रश नाही, कप ब्रश नाही, सँडब्लास्टिंग तर नाहीच. शेजारच्या शेडमधला पेंटर येऊन म्हणला दे मी पाच मिनिटात ब्लास्ट मारून देतो, चांदीसारखी होईल. त्याला चहा पाजून परत पाठवला. 2016 ला मी हेच केलं होतं. जुन्या बाजारातून आणलेली टोपी, ग्राइंडरला कप ब्रश लावून साफ केली, चकाचक, आणि नंतर आधीचा एकमेव मोबाइल फोटो मोठा करून बघितला तर बाजूला रंगात काहीतरी काढलेलं होतं, पिवळं, तीन पाकळ्यांसारखं. आठव्या भारतीय डिव्हिजनची खूण तीन पिवळ्या पानांची असते. असेल किंवा नसेल, मीच पुसलं. ती टोपी अजून शेल्फवर आहे, तिच्याकडं बघायला नको वाटतं.

11 नोव्हेंबर

क्षाराचा थर. व्हिनेगर टाकलं तर पटकन जाईल पण थर जिथं संपतो तिथं ॲसिड रंगाला आणि धातूला लागणार. म्हणून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, कापसाचा जाड बोळा भिजवून थरावर ठेवायचा, वर प्लास्टिक, तासभराने बांबूच्या काडीने हळू उचकायचं. पूर्ण वाळवायचं, हेअर ड्रायरने (बायकोचा, न विचारता), मग पुढचा भाग. एका बसण्यात पाच रुपयाच्या नाण्याएवढं साफ होतंय. नखाने केलं तर आणखी कळतं कुठं थर संपला आणि रंग लागला.

हो, रंग! थराच्या खाली रंग आहे. खाकीकडं झुकणारा, आणि खरखरीत, रंगात बारीक वाळू मिसळल्यासारखा. चमक मारू नये म्हणून असं करायचे. म्हणजे वरचा भाग गंजला आणि खाली पाण्यात बुडलेला भाग वाचला, बोअरच्या क्षाराने झाकून ठेवला म्हणून.

14 नोव्हेंबर

दाजींचा फोन. त्यांनी कुठंतरी इंटरनेटवर दुसऱ्या महायुद्धातल्या टोपीची किंमत बघितली आणि रात्रभर झोप नाही. मी शांतपणे सांगितलं की दाजी, असल्या टोप्या लाखोंनी बनल्या, इंग्लंडमध्ये माळ्यावर अजून निघतात, अस्तर आणि पट्टा असला तर किंमत, नाव-नंबर असला तर आणखी, ही नुसती कवची आहे. म्हणले मग कायद्याचं काही लफडं? म्हटलं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, ही त्यात बसत नाही, उद्या पहिल्या महायुद्धातली एखादी सापडली तर ती बसेल आणि मग देशाबाहेर पाठवायची नाही, धंदा करायचा तर परवाना. "म्हणजे ही जुनीपण न्हाई आन् नवीपण न्हाई," असं म्हणून फोन ठेवला. नाराज झाले बहुतेक.

खोट्यांबद्दल पण सांगायला पाहिजे होतं. जर्मन टोकदार पिकलहाउबे, प्रशियाने 1842 ला काढलेली, चामड्याची, तिच्या प्रतिकृती आपल्याच देशात ढिगाने बनतात नाटक-सिनेमासाठी, त्यात गैर काही नाही, पण एकाने मला ती खरी म्हणून विकली. घरी आणून उलटी केली तर आत फिलिप्स स्क्रू, चार फुल्या माझ्याकडं बघून हसत होत्या. ते स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले, आणि ती टोपी तर 1916 ला स्टालहेल्म आल्यावर आघाडीवरून गेलीच. साडेसात हजार. बायकोला अजून साडेसातशे सांगितलेत.

17 नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस लक्षात राहणार.

तळाशी पोचलो, म्हणजे टोपीच्या माथ्याशी आतून. थर तिथं सगळ्यात जाड. काडीने उचकताना एक गोल किनार दिसली. आधी वाटलं वायसर. हिरवट. कापूस ठेवला, जेवलो, परत आलो, एक पापुद्रा अख्खा निघाला आणि खाली मुकुट दिसला, शेजारी इंडिया आणि 1944.

भोकाचा पैसा! लहानपणी आज्जीच्या कडदोऱ्याला एक होता, तोच. 1943 ते 47 या काळात काढलेला तांब्याच्या रंगाचा पैसा, मधे मोठं भोक, युद्धात धातू वाचवायला. आपल्याकडं तो नंतर कायम वायसर म्हणूनच वापरला गेला. इथं पण तेच: भोकातून दीड सुताचा चपट्या खाचेचा बोल्ट, आतून नट, नटाखाली पैसा, पैशाखाली चामड्याची चकती (अजून आहे, दगडासारखी कडक), आणि बाहेरून डांबर. ज्याने कुणी केलं त्याला काम येत होतं. नुसतं डांबर भरलं असतं तर एका उन्हाळ्यात गळायला लागलं असतं. भोक मोठं करायच्या भानगडीत पण पडला नाही, मँगनीजला ड्रिल मारलं की बिट जळतो, त्याने आहे त्या भोकाला बसेल असा बोल्ट शोधला.

मी पंचवीस वर्षं हेच काम करतोय. मला कुणी ही टोपी देऊन भोक बुजव म्हणलं असतं तर मी यापेक्षा बरं केलं नसतं.

18 नोव्हेंबर

मावशींना फोन केला, भोक कुणी बुजवलं? "मामंजींनीच. मी लगीन करून आले तवा बी तसंच हुतं." लग्न 1972 चं. मामंजी म्हणजे दाजींचे आजोबा, वारले 1988 ला. पलटणीतनं आल्यावर शेती, आणि गावातल्या मोटा, इंजिनं दुरुस्त करायचे म्हणे. आता कळलं.

मग सहज विचारलं, त्यांचं आणखी काही आहे का, कागद, बिल्ला? म्हणाल्या कागद वाळवीनं खाल्ले. बिल्ला न्हाई. मग थांबून, "चांदणी हाय बग द्येवात."

23 नोव्हेंबर, शनिवार

निवडणुकीचा निकाल, रस्त्यावर गुलाल, मी टू-व्हीलरवर कोरेगावकडं. देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ती चांदणी, हळदीकुंकवाने माखलेली, सहा टोकांची. मावशींनी स्वतः उचलून दिली, मी हात धुऊन घेतली. ओल्या फडक्याने पुसल्यावर मधे मुकुट, गोल पट्टीत इटली स्टार. मागं नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं, शेवटी मराठा पलटणीची अक्षरं. गोऱ्या शिपायांना हे स्टार बिननावाचेच दिले, भारतीय सैन्याच्या मेडलवर मात्र नाव ठोकून यायचं, हा एक फायदा आपल्या लोकांना. (नाव इथं लिहीत नाही, घरच्यांची गोष्ट आहे.)

म्हणजे इटली खरी. मराठ्यांच्या पलटणी तिथं होत्याच, यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात पडले, नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जखमी लोक पाठीवर आणले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच इटलीत कुठंतरी हे आजोबा.

पण टोपी? टोपी सरकारी माल, घरी जाताना जमा करायची. युद्धानंतर डिस्पोजलचा, म्हणजे सैन्याने विकायला काढलेला माल देशभर लिलावात निघाला, ताडपत्र्या, बूट, जीप, टोप्या. आजोबांनी इटलीतून आणली का पुण्यात डिस्पोजलला घेतली हे टोपी सांगणार नाही. मी हे मावशींना बोललो नाही. दाजींना बोललो. ते म्हणले, "आजा खोटं न्हाई बोलायचा." मी गप्प.

चांदणी परत देव्हाऱ्यात. ती साफ करायची नाही, मी विचारलं पण नाही.

1 डिसेंबर

शिक्का सापडला! कडेच्या खालून, शिल्लक कडीपासून चार बोटांवर, गंजाखाली. टॉर्च आडवी धरली की दिसतो. बीएमबी, आणि खाली 19, 4, शेवटचा आकडा गंजाने खाल्लाय. बीएमबी म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज, इंग्लंडमधली गाड्यांच्या बॉड्या दाबणारी कंपनी. युद्धात मडगार्डच्या जागी टोप्या दाबल्या. कडेला जास्तीची भोकं नाहीत हे पण तपासलं, कारण गोळीच्या चाचणीत कमी पडलेल्या टोप्यांना कडेला भोकं पाडून नागरी संरक्षणवाल्यांना द्यायचे. ही पास झालेली आहे.

7 डिसेंबर

गंजाचं काय करायचं. जावळीकडचा एक गिऱ्हाईक हिरडा देऊन गेला होता. हिरड्यात टॅनिन, टॅनिनने गंज काळा होऊन थांबतो, जुन्या लोकांची शाईच ती. भंगार पत्र्यावर हिरड्याचा काढा लावून बघितला, मस्त निळसर काळा झाला, पण शेजारचा जुना रंग पण डागाळला. टोपीवर नाही करणार. सुटा गंज बोटाने आणि शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेल्या जुन्या बनियनने काढायचा, घट्ट बसलेला राहू दे.

15 डिसेंबर

चूक. शिक्क्याजवळ जोर जास्त लागला आणि नखाएवढा रंग उडाला. त्याच्या खाली आणखी एक रंग दिसला, गडद हिरवा. म्हणजे ही एकदा परत रंगवलेली आहे, फॅक्टरीत नाही, नंतर कुणीतरी. इटलीत का डिपोत, देव जाणे. चूक नसती झाली तर कळलं नसतं, पण चूक ती चूक. फोटो काढून वहीत लिहिली. त्या दिवशी पुढं काम केलं नाही.

22 डिसेंबर

मुलाला घेऊन संग्रहालयात, लंडनहून आलेली वाघनखं बघायला. जुलैपासून गर्दी हटत नाहीये. काचेपलीकडं ती एवढीशी वस्तू आणि लोक पायातल्या चपलेचा आवाज न करता पुढं सरकतायत. मुलगा म्हणाला बाबा, आपली कोंबडीवाली टोपी पण अशी ठेवायची? मागचे एक काका हसले.

5 जानेवारी 2025

दाजी वर्कशॉपवर आले. 26 जानेवारीला गावात माजी सैनिकांचा सत्कार, सरपंच म्हणलेत टोपी मांडू. दाजींची इच्छा की तिला ऑलिव्ह ग्रीन मारून, पैसा-बोल्ट काढून, नवा पट्टा लावून "मिल्ट्रीसारखी" करून द्यावी. तासभर वाद. मी म्हटलं रंग मारला की ती बाजारात मिळणाऱ्या शंभर टोप्यांसारखी होईल. म्हणले मग तो पैसा तरी काढ, लोकं हसतील, कोंबडीचं भांडं म्हणतील. मी त्यांच्या हातात भिंग दिलं, टोपी उलटी धरली आणि म्हटलं हा नट बघा, शेवटचा आटा ठोकून बंद केलाय, पुन्हा सुटू नये म्हणून. हे इंग्लंडमधल्या कुणाचं काम नाही, तुमच्या आज्याच्या हाताचं आहे. बाकी टोपीवर त्यांचा हात कुठं लागला ते मला दाखवता येत नाही, इथं येतं.

बराच वेळ बघत होते. मग म्हणले चहा सांग.

12 जानेवारी

मेण. परदेशात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स मागवलं होतं, पार्सल आलं नाही, पैसे अडकले. शेवटी साधं पातळ तेल एकदम कमी, दोन दिवस पुसून पुसून. डांबर तसंच ठेवलं. चकचकीत तळ पण तसाच.

26 जानेवारी, रविवार

शाळेच्या पटांगणात टेबल, वर भगवं कापड, त्यावर टोपी उलटी, आतला पैसा दिसेल अशी. दाजींनीच ठेवली तशी. रिटायर झालेले एक सुभेदार आले, कडेवरून बोट फिरवलं, काही बोलले नाहीत, परत फिरवलं. बारक्या पोरांनी डोक्यात घातली, अस्तर नाही म्हणून नाकापर्यंत खाली.

मावशी शेवटी आल्या, टोपीकडं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणल्या, "ते पातेलं कोंबड्या उलथं पाडत्यात रं. ह्ये जड हुतं."

2 फेब्रुवारी

भंगारात पाण्याच्या टाकीचा छोटा डिश एंड (बशीसारखं गोल टोक) पडलाय, तीन एमएम, साधारण याच घेराचा. कड वळवून घ्यायची, धार घासायची. तळ गोलच ठेवतो, दगड तिथं आहेतच. पुढच्या रविवारी देऊन येईन.